थरथर बंद केली तर बॅटरी किती वाचते?

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, फक्त मधली कुकरची शिट्टी काढली.)

खारघरहून बोलतोय, रविवार सकाळ आहे, खाली भाजीवाला ओरडतोय तो ऐकू येत असेल तर समजून घ्या.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नावर आले. "दादा, गेम खेळताना व्हायब्रेशन बंद ठेवलं तर बॅटरी वाचते ना?" कुणी फोनबद्दल विचारलं, कुणी स्विचबद्दल, एकाने आरओजी अ‍ॅलायबद्दल. गंमत म्हणजे कुणीच "वाचते का?" असं विचारलं नाही. सगळ्यांनी "वाचते ना?" असंच विचारलं. म्हणजे उत्तर ठरलेलं आहे, माझा फक्त शिक्का हवाय.

काही वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी शिक्का मारलाही असता. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, बीटेक केलंय, बॅटरी म्हटलं की आधी "बंद काय काय करता येईल" हेच डोक्यात येतं. पण मधे एक प्रकार घडला. तो आधी सांगतो.

माझा एक मावसभाऊ आहे, पनवेलला राहतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. मशीन लावतो, पण त्याचा उपयोग मर्यादित. आमचं बोलणं थोडं खुणांनी, थोडं ओठ वाचून आणि बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. तो बारावी झाला, कॉलेज मिळालं चेंबूरला. म्हणजे हार्बर लाइनने जाताना तासभर आणि येताना तासभर. मी नुकताच पगारदार झालो होतो, म्हटलं ह्याला काहीतरी मस्त देऊ. तो मित्राकडे निन्टेन्डो स्विचवर तासन्‌तास खेळायचा, ते मला माहीत होतं.

आता निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे जे काही मिळतं ते बाहेरून आणलेलं. मी नेटवर तुलना करत बसलो. मूळ स्विच, २०१७ चं मॉडेल: बॅटरी अडीच ते साडेसहा तास. स्विच लाइट, सप्टेंबर २०१९ चं: तीन ते सात तास. लाइट आकाराने लहान, वजनाने हलका, आणि किंमत? अमेरिकेत मूळ स्विच २९९ डॉलर आणि लाइट १९९. रोज दोन तास ट्रेनमध्ये, गर्दीत, बॅगेत. मला वाटलं ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? लाइट घेतला, चकचकीत कागदात गुंडाळला, मावशीच्या घरी जाऊन दिला.

तो खूश झाला. मिठी मारली. रात्री साडेदहाला मेसेज आला.

"दादा, हा मुका आहे."

मला आधी वाटलं स्पीकर गेलाय. मग वाटलं, ह्याला स्पीकरचं काय? मग ट्यूब पेटली. स्विच लाइटमध्ये व्हायब्रेशनच नाहीये. अजिबात नाही. मूळ स्विचच्या दोन बाजूंना जे सुटे होणारे जॉय-कॉन असतात, त्यांच्यात निन्टेन्डोने 'एचडी रंबल' नावाची यंत्रणा घातलीय. लाइटमध्ये जॉय-कॉन सुटे होत नाहीत, आणि ती यंत्रणाही काढून टाकली. तुलनेच्या तक्त्यात तशी ओळ होती. मी बॅटरीची ओळ वाचली, किंमतीची वाचली, वजनाची वाचली आणि ती एक ओळ सोडली. कारण माझ्यासाठी व्हायब्रेशन म्हणजे जेवणातलं लोणचं. असलं तर बरं, नसलं तरी जेवण होतंच.

त्याच्यासाठी तो आवाज होता. तो मित्राकडे सुपर मारिओ ओडिसी खेळायचा. त्यात काही पॉवर मून जमिनीत पुरलेले असतात आणि त्या जागेजवळ गेलात की हातातला कंट्रोलर थरथरायला लागतो. जसजसं जवळ, तसतसं जोरात. मित्रांच्या आधी हा मून शोधायचा, आणि तो भाव खायची त्याची ती एक जागा होती. आणि मी त्याला अशी वस्तू दिली, जिच्यात नेमकं तेच काढून टाकलेलं.

तर त्यानंतर मी ह्या विषयात जरा खोल गेलो. आता प्रश्नाकडे येतो.

हातातली वस्तू थरथरते म्हणजे आत काय होतं? दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला जुना: एक छोटी मोटर आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन. मोटर फिरली की सगळं गदागदा हलतं. घरी वॉशिंग मशीनमध्ये चादर एका बाजूला गोळा होते आणि ड्रायर फिरताना मशीन बाथरूममध्ये चालायला लागतं, अगदी तेच. ह्याला ईआरएम म्हणतात. जुने फोन, बरेचसे गेमपॅड ह्यावर चालतात. तोटा काय, तर मोटरला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही लागतो. त्यामुळे "टक्" असं करताच येत नाही, "घुर्रर्र" असंच होतं. वरून जोर वाढवायचा तर वेग वाढवावा लागतो, म्हणजे जोर आणि कंपनाचा सूर दोन्ही एकाच दोरीला बांधलेले.

दुसरा प्रकार: स्प्रिंगवर बसवलेलं वजन, कॉइल आणि चुंबक. वजन फिरत नाही, सरळ रेषेत मागे-पुढे हलतं. ह्याला एलआरए म्हणतात. बऱ्याच चांगल्या फोनमध्ये हल्ली हेच असतं, स्टीम डेकमध्येही आहे आणि जॉय-कॉनची यंत्रणाही ह्याच घराण्यातली. ह्याची खुबी समजायला झोका आठवा. पोराला झोक्यावर बसवलंय, तुम्ही झोक्याच्या ठेक्यात हलकासा धक्का दिलात की झोका उंच जातो. ठेका चुकवून कितीही जोर लावा, दम तुमचाच जाणार. एलआरएचाही स्वतःचा एक ठेका असतो, सेकंदाला साधारण दीडशे ते अडीचशे कंपनं. त्या ठेक्यावर थोड्या विजेत भरपूर थरथर मिळते. ठेक्यापासून सरकलात की वीज तेवढीच जाते आणि हाताला काहीच लागत नाही. जॉय-कॉनमधल्या यंत्रणेला दोन ठेके आहेत, सुमारे १६० आणि ३२० हर्ट्झ. म्हणून ती एकाच वेळी ढोलही वाजवू शकते आणि ताशाही.

आपल्या त्वचेचंही ह्यात एक काम आहे. बोटाच्या आत खोलवर कंपन ओळखणारी टोकं असतात, ती सगळ्यात तल्लख असतात २५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे त्या पट्ट्यात अगदी छोटं कंपनही जाणवतं, आणि खालच्या पट्ट्यात तेवढंच जाणवायला जास्त हलवावं लागतं. कंपन्या उगाच त्या आकड्यांच्या आसपास घुटमळत नाहीत.

आता बॅटरी. ही भांडणं जुनी आहेत बरं का. १९९७ मध्ये निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरला मागून लावायचा रंबल पॅक आला, त्यात दोन ट्रिपल-ए सेल घालावे लागायचे. आणि १९९९ मध्ये गेम बॉय कलरवर पोकेमॉन पिनबॉल आला. त्याच्या कार्ट्रिजमध्येच थरथरायची मोटर होती आणि त्या कार्ट्रिजमध्ये वेगळा एक ट्रिपल-ए सेल बसवायचा. गेमच्या पट्टीत पेन्सिल सेल! सेल नसला तरी गेम चालायचा, फक्त थरथर व्हायची नाही. मला हे फार आवडतं. गेम बॉय कलर दोन डबल-ए सेलवर चालायचा. मोटर सुरू होताना एकदम वीज ओढते, सेल अर्धे संपलेले असतील तर व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं, आणि मुख्य यंत्र मध्येच बंद पडू शकतं. तेव्हा त्या थरथरीचा डबा वेगळा ठेवलेला बरा. ज्याची भूक त्याने आपला डबा आणावा.

आज किती खाते ते आता मोजू. आकडे येणार आहेत, पळू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

मूळ स्विचची बॅटरी ४३१० एमएएच, म्हणजे साधारण १६ वॅट-अवर. तीन तासांत संपली तर यंत्र सरासरी सव्वापाच वॅट खातंय. आता एक एलआरए पूर्ण जोरात चालू असताना साधारण दीडशे मिलिवॅट खाते असं धरू. हे माझं धरलेलं गणित आहे, मॉडेलनुसार कमी-जास्त होईल, पण घर तेच. दोन बाजूंना दोन, म्हणजे ०.३ वॅट. सतत, न थांबता थरथरत ठेवलं तरी सव्वापाचावर ०.३. तीन तासांतले दहाएक मिनिटं गेली. आणि कुठलाच गेम सतत थरथरत नाही. दहातला एक भाग वेळ थरथरला असं धरा, भरपूर झालं. तर तीन तासांतून किती गेलं? एक मिनिट.

एक मिनिट. मानखुर्दहून वाशीचा पूल येईपर्यंतसुद्धा नाही.

फोनवर तर अजून मजा. ५००० एमएएच बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर, म्हणजे जवळपास ६९ हजार ज्यूल. कीबोर्डची एक टिचकी २० मिलिसेकंदांची धरली तर तिला लागतात ३ मिलिज्यूल. दहा हजार अक्षरं टाइप केली, म्हणजे ग्रुपवर कडाक्याचं भांडण केलं, तरी झाले ३० ज्यूल. ६९ हजारांतले ३०. अ‍ॅपलने २०२२ मध्ये आयफोनला कीबोर्डची टिचकी दिली तेव्हा ह्याने बॅटरीवर परिणाम होऊ शकतो असं स्वतःच लिहून ठेवलं. खोटं नाहीये ते. टिचकीसोबत ड्रायव्हर चिप जागी होते, व्होल्टेज वाढवावं लागतं, तो खर्च माझ्या गणितात नाही. तो दुप्पट-तिप्पट धरा. तरी ज्या स्क्रीनकडे बघत तुम्ही टाइप करताय ती स्क्रीन ह्याच्या कैक पट खातेय.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं कंट्रोलरवरून आला, आणि तिथे तो बरोबर आहे.

बघा, जॉय-कॉनला स्वतःची वेगळी बॅटरी असते. ५२५ एमएएच. निन्टेन्डो म्हणतं ती सुमारे २० तास चालते. १.९४ वॅट-अवर भागिले २०, म्हणजे सरासरी शंभर मिलिवॅटपेक्षाही कमी. ह्या घराचा महिन्याचा खर्चच मुळात हजार रुपये आहे, तिथे दीडशेचा पाहुणा आला तर हिशेब कोलमडतो. ह्या २० तासांत थरथर धरलेलीच नाही असं मानलं, तर दहातला एक भाग वेळ थरथर चालू ठेवल्यावर वीसचे साधारण सतरा तास होतात. सतत ठेवली तर आठ तासांच्या आत. यंत्र तेच, थरथर तेवढीच. एका ठिकाणी तीन तासांतून एक मिनिट, दुसऱ्या ठिकाणी वीस तासांतून जवळपास तीन तास. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्समध्ये तर कंपनाची यंत्रणाही दमदार आणि शिवाय ट्रिगरला अडवणाऱ्या मोटरी वेगळ्या. तिथे सेटिंगमध्ये दोन्हींचा जोर कमी करायची सोय दिलीय, आणि तिथे तो कमी करण्यात अर्थ आहे.

म्हणून कुणी विचारलं की थरथर बॅटरी खाते का, तर आधी विचारायचं: कुणाची बॅटरी? वायरलेस कंट्रोलरची असेल तर हो, जाणवण्याइतकी. सगळं एकत्र असलेल्या हँडहेल्डची असेल तर तुम्ही गळका नळ सोडून पेल्यातलं पाणी वाचवताय.

गळका नळ कुठला? प्रोसेसर आणि स्क्रीन. पीएसपी आठवतोय का कुणाला? सोनीने त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकत असूनही सुरुवातीला गेमसाठी २२२ वरच बांधून ठेवला होता. २००७ मध्ये फर्मवेअर अपडेट देऊन ती गाठ सोडली. वर त्यात डिस्क फिरवायची मोटर होती ती वेगळीच. आजचं बघायचं तर आरओजी अ‍ॅलाय, जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. बॅटरी ४० वॅट-अवर. टर्बो मोडमध्ये नुसत्या चिपलाच २५ वॅट. भागाकार करा, स्क्रीन न धरताही दीड तासाच्या थोडं वर. पुढच्या वर्षी अ‍ॅलाय एक्समध्ये त्यांनी सरळ ८० वॅट-अवरची बॅटरी टाकली. स्टीम डेक, ४० वॅट-अवर, २ ते ८ तास. म्हणजे कधी २० वॅट, कधी ५. ह्या पंधरा वॅटच्या फरकात ०.०३ वॅटची थरथर कुठे शोधणार?

आणि आता तो भाग जो मला लाइट घेताना माहीत असायला हवा होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये, लाइटच्या एक महिना आधी, निन्टेन्डोने मोठ्या स्विचचं सुधारलेलं मॉडेल गुपचूप बाजारात आणलं. दिसायला तसंच. बॅटरी तीच, ४३१० एमएएच. एचडी रंबल तसंच. आणि बॅटरी चालते किती? अडीच ते साडेसहाच्या जागी साडेचार ते नऊ तास! फरक चिपचा. जुनी टेग्रा २० नॅनोमीटरवर बनायची, नवी १६ वर. झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेम धरून निन्टेन्डोने दिलेले आकडेच सांगतो. जुनं स्विच सुमारे ३ तास. लाइट, थरथर नसलेला, सुमारे ४ तास. सुधारलेलं स्विच, थरथर असलेलं, सुमारे साडेपाच तास. लाइटची बॅटरी लहान आहे, ३५७० एमएएच, म्हणून ही अगदी सरळ तुलना नाही हे मान्य. पण मी थरथर सोडून जी बॅटरी कमावली असं समजत होतो, त्यापेक्षा जास्त बॅटरी थरथरीसकट मिळत होती. लाइटमधून रंबल काढलं त्यात जागा, वजन आणि ते शंभर डॉलर ह्यांचा हिशेब जास्त असावा असं मला वाटतं. बॅटरी वाचवायला काढलं असतं तर ते फार महागात पडलेलं एक मिनिट झालं असतं.

जुनं स्विच विकत घेत असाल तर मागच्या बाजूला मॉडेल नंबर बघा. एचएसी-००१ च्या पुढे कंसात वजा ०१ असेल तर ते सुधारलेलं. खोका सगळा लाल असतो, पण सेकंडहँडमध्ये खोक्यावर विश्वास ठेवू नका, कुणाचा खोका कुणाला लागलेला असतो.

मध्ये एक उपाय आम्ही करून बघितला. लाइटला वेगळे जॉय-कॉन वायरलेस जोडता येतात, मग थरथर मिळते. घरी ठीक आहे. पण सकाळी पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये मांडीवर लाइट ठेवायचा, दोन हातांत दोन जॉय-कॉन, आणि शेजारच्या काकांचं कोपर? तीन दिवस केलं त्याने. चौथ्या दिवशी लाइट मावशीच्या कपाटात.

आता माझ्या कामाचं थोडं सांगतो, कारण खरी लाज मला तिथे वाटली. कंपनीचं नाव नको. आम्ही एका मोबाइल अ‍ॅपवर काम करत होतो. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेली की काय काय बंद करायचं ह्याची यादी माझ्याकडे होती. अ‍ॅनिमेशन कमी करा, बॅकग्राउंडचं सिंक थांबवा, हॅप्टिक्स बंद करा. तिसरी ओळ मी लिहिली होती. कुणी विचारलं नाही, मी मोजलं नाही. तशी पद्धतच आहे. २०१४ मध्ये अँड्रॉइड लॉलीपॉपबरोबर बॅटरी सेव्हर आला, त्याच्या सूचनेतही व्हायब्रेशनवर मर्यादा येईल असं लिहिलेलं असायचं. सगळे करतात म्हणून मीही केलं. "हा मुका आहे" हा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो कोड उघडला. एकच ओळ होती. ज्याला ऐकू येत नाही त्याची बॅटरी २० टक्क्यांवर आली की आमचं अ‍ॅप त्याच्याशी बोलणं बंद करत होतं. आणि वाचवत किती होतं? वर केलेलं गणित मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

ओळ नुसती काढून टाकली असती तरी चाललं असतं. पण इंजिनीअरची खाज असते ना. बंद न करता कमी कसं करायचं हे बघितलं. सगळ्यात मोठी बचत कालावधीत असते. पाचशे मिलिसेकंदांच्या गुरगुरीच्या जागी २० मिलिसेकंदांची टिचकी दिली तर ऊर्जा लागते पंचविसावा हिस्सा. आणि "झालं, पैसे गेले" हे सांगायला टिचकी पुरते, उलट जास्त स्वच्छ कळते. दुसरी बचत ठेक्यात. हल्ली ड्रायव्हर चिप असतात, वजन हलताना कॉइलमध्ये जी उलटी वीज तयार होते तिच्यावरून त्या ठेका ओळखतात आणि त्याच ठेक्यावर धक्का देतात. थांबवताना उलटा धक्का देऊन ब्रेकही मारतात, म्हणजे टिचकी लांबत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, आणि ती आपल्या पवईतली आहे. ऐरोलीचा पूल ओलांडलात की थोड्याच अंतरावर आयआयटी मुंबई. तिथले प्राध्यापक आणि माजी संचालक शुभाशिष चौधुरी ह्यांनी स्पर्शाच्या आकलनावर बरंच काम केलंय. म्युनिकच्या संशोधकांबरोबर २००८ मध्ये त्यांचा एक शोधनिबंध आला आणि २०१८ मध्ये अमित भारद्वाज ह्यांच्यासोबत पुस्तक. त्यांचा मूळ प्रश्न बॅटरीचा नव्हता, इंटरनेटवरून स्पर्श पाठवण्याचा होता. लांबून यंत्रमानव चालवायचा तर स्पर्शाची माहिती सेकंदाला हजार वेळा पाठवावी लागते. एवढी पाठवायची कशी? उत्तर वेबरच्या नियमात. हातात पाच किलोची पिशवी आहे आणि कुणी तिच्यात एक लिंबू टाकलं, तुम्हाला कळत नाही. रिकाम्या पिशवीत टाकलं तर कळतं. म्हणजे बदल कळायला तो आधीच्या मानाने ठरावीक प्रमाणात मोठा लागतो. मग जो बदल हाताला कळणारच नाही तो पाठवायचाच कशाला?

हे वाचल्यावर मला वाटलं, अरे, हे बॅटरीलाही लागू आहे. गाडीच्या गेममध्ये इंजिनाची घरघर सतत चालू असते. मिनिटभरात हात तिला सरावतो, मेंदू ती ऐकणं सोडून देतो, वीज मात्र जातच असते. त्याऐवजी गिअर बदलला, चाक रस्त्यावरून उतरलं, धडक बसली, एवढंच सांगा. हे त्यांच्या संशोधनात लिहिलंय असं म्हणत नाही, मी माझ्या कामापुरता घेतलेला अर्थ आहे.

गेम बनवणाऱ्यांपैकी काहींनी हा विचार दुसऱ्या बाजूनेही नेलाय. २०२२ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन आला, त्यात पात्रांचे संवाद कंट्रोलरच्या थरथरीतून जाणवतील अशी सोय दिली. शब्द कळत नाहीत, ते सबटायटलमध्ये वाचायचे. पण वाक्य हळू आवाजात म्हटलं की ओरडून, कुठे थांबलं, कुठे तुटलं, ते हाताला कळतं. मी मावसभावाला हे दाखवलं. त्याने दहा मिनिटं एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावला. मी चहा करून आणला तरी तोच चालू होता.

बरं, आता तुमच्या फोन आणि हँडहेल्डपुरतं. बॅटरी वाचवायची आहे ना? ब्राइटनेस खाली आणा, हा पहिला उपाय. फ्रेम रेट बांधा. स्टीम डेकवर स्क्रीन ४० हर्ट्झवर आणि गेम ४० फ्रेमवर ठेवून बघा, डोळ्याला साठच्या जवळ वाटतं आणि चिप निवांत होते. वॅटची मर्यादा लावता येत असेल तर लावा. बीजीएमआयवाल्यांनो, ट्रेनमध्ये ९० एफपीएस कशासाठी, शेजारचा बघत नाहीये. नेटवर्क कमकुवत असेल तिथे फोन टॉवर शोधत बसतो, तेही खातं. हे सगळं केलं आणि तरीही दोन टक्के हवेच असतील, तर आणि तेव्हाच थरथरीला हात लावा. वायरलेस कंट्रोलरवाल्यांनी मात्र जोर मध्यम ठेवा, तिथे फायदा आहे. आणि अ‍ॅप बनवत असाल, तर ती तिसरी ओळ लिहिण्याआधी एकदा भागाकार करा.

स्विच २ बद्दलही दोघातिघांनी विचारलंय. ५ जून २०२५ ला आलं, बॅटरी ५२२० एमएएच आणि तरी २ ते साडेसहा तास. एचडी रंबल २ आहे त्यात. लगेच लोक म्हणायला लागले, रंबलने खाल्ली. नाही हो. चिप दांडगी आहे, स्क्रीन मोठी आणि १२० हर्ट्झची आहे. बिचाऱ्या थरथरीवर किती बिलं फाडायची!

मावसभावाचं राहिलं. लाइट विकला, थोडे पैसे मी घातले, थोडे त्याने, आणि सुधारलेलं मॉडेल घेतलं, सेकंडहँड, मागचा नंबर दोनदा तपासून. ह्या वेळी तक्त्याच्या सगळ्या ओळी त्यानेच वाचल्या, मला फक्त पैसे मोजायला बोलावलं. ब्राइटनेस एकदम खाली, आवाज शून्य, थरथर चालू. आवाज शून्य ठेवल्यानेही बॅटरी वाचते, ते त्याने मला डोळा मारून सांगितलं.

परवा संध्याकाळी मी मीटिंगमध्ये होतो, त्याचा मेसेज आला. "मानखुर्द. एक मून. बॅटरी ४१."

चला, प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात जॉयस्टिकचा ड्रिफ्ट घेऊ, त्यावर तर तुम्ही सगळे तुटून पडणार आहात.